सणांच्या बालस्मृती आणि मराठी स्मरणरंजन : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

१

बालपणीच्या सणांच्या आठवणी हा मराठी ललित गद्याचा एक स्थिर आणि लोकप्रिय विषय होय. काशिनाथ रघुनाथ मित्र ह्यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी हा मराठी वाङ्मयाचाही हंगाम ठरला. ह्या हंगामात दिवाळीविषयीच्या आठवणी दिवाळीच्याच अंकात छापल्या जाव्यात हे ओघानेच आले. अशा लेखनाचा एक ठरीव साचा कालांतराने तयार झाला. पहाटेचे अभ्यंगस्नान, उटण्याचा वास, अंगणातला मातीचा किल्ला, त्यावर पेरलेले अळीव, फराळाचे डबे, नव्या कापडाची घडी, आणि दुपारी लोळत वाचलेले मासिक ही त्या साच्यातील प्रमुख सामग्री. लेखक बदलतो, गाव बदलते; सामग्री बहुधा तीच राहते.

ह्या लेखनास समीक्षेने फारसे गंभीरपणे घेतलेले नाही. ते निरुपद्रवी आहे असे समजून सोडून देण्याकडेच कल दिसतो. परंतु एखादा समाज आपल्या मुलांच्या आनंदाविषयी कोणत्या आठवणी जपतो आणि कोणत्या जपत नाही, हा प्रश्न निरुपद्रवी नाही. प्रस्तुत विवेचनात हा प्रश्न बीड जिल्ह्याच्या संदर्भात तपासला आहे. ह्या जिल्ह्याची निवड दोन कारणांनी केली आहे. येथील ग्रामीण आचारात सणाचा प्रकाश आणि सणाचे भय ही दोन्ही अंगे एकत्र नांदताना दिसतात, हे पहिले कारण. येथील असंख्य मुलांच्या बाबतीत दिवाळी हा घरी परतण्याचा नव्हे तर घर सोडण्याचा काळ असतो, हे दुसरे.

स्मरणरंजन ह्या संज्ञेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ज्या युरोपीय संज्ञेचा पर्याय म्हणून हा शब्द मराठीत रूढ झाला, ती संज्ञा योहानेस होफर ह्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझल येथील आपल्या प्रबंधात घडविली. घरापासून दूर राहणाऱ्या स्विस लोकांना, विशेषतः सैनिकांना, जडणाऱ्या घराच्या ओढीच्या आजाराचे ते नाव होते. म्हणजे मूळ अर्थ रंजनाचा नसून दुखण्याचा होता, आणि तो गतकाळाविषयीचा नसून अंतराविषयीचा होता. मराठी शब्दात दुखणे गळले आणि रंजन उरले. ही केवळ भाषांतरातील उणीव आहे असे नाही. ज्या लेखनाला हा शब्द लावला जातो त्या लेखनाचीही तीच प्रकृती आहे.

२

तुलनेसाठी पाश्चात्त्यांच्या हॅलोवीन ह्या सणाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. ३१ ऑक्टोबरच्या ह्या रात्रीची मुळे केल्टिक लोकांच्या साउइन ह्या ऋतुसंधीच्या उत्सवात आणि ख्रिस्ती संतस्मरणाच्या पूर्वरात्रीत शोधली जातात. आयर्लंड व स्कॉटलंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. स्थलांतरितांबरोबर ही चाल अमेरिकेत गेली आणि तेथे सलगमाची जागा भोपळ्याने घेतली. मुलांनी भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागत हिंडावे ही प्रथा अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वत्र झाली. पुढे चित्रपट, चित्रकथा आणि दूरचित्रवाणी ह्यांनी तिला बालसंस्कृतीचे रूप दिले. १९६६ साली प्रथम दाखविला गेलेला ‘इट्स द ग्रेट पम्पकिन, चार्ली ब्राऊन’ हा बोलपट तेथील कित्येक पिढ्यांच्या आठवणींचा भाग झाला आहे. परदेशस्थ मराठी कुटुंबांतील मुलांना हे दोन्ही सण आता शेजारी शेजारीच भेटतात. २०२४ साली तर नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबर रोजीच आली होती.

हा योगायोग पंचांगाचा असला तरी त्यामागे एक खरे साम्य आहे. शरद ऋतू संपत असता, पीक घरात येत असता, अंधाऱ्या रात्री मृतांची आठवण करावी आणि दिवे लावावेत ही कल्पना दोन्हीकडे आढळते. पांडुरंग वामन काणे ह्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात दिवाळीच्या आचारांचा जो परामर्श घेतला आहे, त्यात उल्कादानाचा समावेश आहे. महालयात आलेल्या पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून आश्विन वद्य चतुर्दशी-अमावास्येच्या सुमारास पेटत्या चुडी दाखवाव्यात, असा हा विधी. नरकचतुर्दशीचे यमतर्पण, लक्ष्मीपूजनाच्या उत्तररात्री केरसुणी व सूप घेऊन अलक्ष्मीला घराबाहेर काढण्याची चाल आणि आकाशदिव्याची मूळ कल्पना ही सर्व एकाच दिशेने बोट दाखवितात. दिवाळी हा मुळात केवळ प्रकाशाचा सण नाही. अंधारात कोणीतरी उभे आहे ही जाणीव त्या दिव्यांच्या मुळाशी आहे.

बीड जिल्ह्यात ही जाणीव दुसऱ्या एका परंपरेनेही पोसली आहे. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि हिंदू-मुस्लिम सहवासाच्या खुणा येथील सणांत खोलवर उमटल्या आहेत. शाबान महिन्यातील शब-ए-बरातच्या रात्री कबरींवर दिवे लावणे, मृतांसाठी प्रार्थना करणे आणि मुलांनी हलवा खात दारूकाम पाहणे हे येथील शहरांच्या मोहल्ल्यांत परिचयाचे दृश्य. मोहरमच्या सवाऱ्यांत मराठवाड्यातील अनेक गावांचे हिंदू रहिवासीही सामील होत. नवसाने फकीर झालेली मुले आणि अंगावर पट्टे रंगवून घेतलेले वाघ ही त्या दिवसांतील मुलांची सोंगे होत. मराठी मुलाला सोंग आणि भय ह्यांची एकत्रित ओळख हॅलोवीनमुळे झाली, हे मत म्हणूनच टिकणारे नाही.

मग मराठी दिवाळीच्या आठवणींतून भय नाहीसे कसे झाले? उत्तर असे दिसते की ते नाहीसे झाले नाही. त्याची वाटणी झाली. शहरी ललित लेखनाने प्रकाश दिवाळीच्या हवाली केला, आणि भयाची रवानगी मुलांच्या मासिकांत, रंगभूमीवर आणि पुढे पडद्यावर केली.

३

ह्या दुसऱ्या वाटणीचा सर्वांत महत्त्वाचा प्रतिनिधी म्हणजे ‘चांदोबा’. जुलै १९४७ मध्ये मद्रास येथे बी. नागी रेड्डी व चक्रपाणी ह्यांनी ‘चंदमामा’ सुरू केला. त्याची मराठी आवृत्ती १९५२ पासून निघू लागली. ‘बालबोध’ (१८८१) आणि ‘आनंद’ (१९०६) ह्यांसारखी बालमासिके मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांत वाढली होती. बीडसारख्या जिल्ह्यात उच्च शिक्षणाचे माध्यम दीर्घकाळ उर्दू असल्यामुळे त्यांचा शाळांतून प्रसार मर्यादित राहणे साहजिक होते. ‘चांदोबा’ आला तो संस्थान विलीन झाल्यानंतर, मराठी शाळा वाढू लागल्याच्या काळात. त्याची भाषा सोपी होती, चित्रे मोठी होती, आणि त्यातील राजे, व्यापारी, शेतकरी व भुते कोणत्याही एका शहराची नव्हती. १९७१ मध्ये बालभारतीने ‘किशोर’ सुरू केले, तेव्हा पाठ्यपुस्तकाच्याच वाटेने मासिक खेड्यापर्यंत जाण्याची सोय झाली.

‘चांदोबा’तील वेताळकथांचा येथे विशेष विचार केला पाहिजे. खांद्यावर प्रेत आणि हाती उपसलेली तलवार घेऊन स्मशानातून चालणारा विक्रम, हे चित्रकार शंकर (के. सी. शिवशंकरन, १९२४–२०२०) ह्यांचे रेखाटन अनेक पिढ्यांच्या स्मृतीत पक्के बसले आहे. परंतु वेताळकथेचे मर्म त्या चित्रात नाही. प्रत्येक कथेच्या अखेरीस वेताळ न्यायाचा एक प्रश्न विचारतो: ह्यात दोष कोणाचा? अधिक थोर कोण? उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होतील, ही अट. भयाचा उपयोग येथे विवेक जागा करण्यासाठी केलेला आहे. प्रौढपणी लिहिलेल्या आठवणींत मात्र चित्र उरते आणि प्रश्न गळतो. वाचकाला मुखपृष्ठाचा रंग, कागदाचा वास आणि अंकाची वाट पाहणे आठवते. कथेने आपल्याला काय विचारले होते हे आठवत नाही. स्मरणरंजनाची प्रक्रिया ह्या एका उदाहरणात स्पष्ट दिसते. ते वस्तू जपते, पण त्या वस्तूने केलेली मागणी विसरते.

रंगभूमीवरील भयाची कथा थोडी वेगळी आहे. सुधा करमरकर ह्यांनी १९५९ मध्ये ‘लिट्ल थिएटर’च्या द्वारे रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ सादर केले, आणि मराठी बालनाट्याला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळाली. मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’तील चेटकीण ही मराठी मुलांची खास स्वतःची चेटकीण होय. दिलीप प्रभावळकरांनी ती गाजविली, आणि २०१८ च्या पुनरुज्जीवनात वैभव मांगले ह्यांनी. आईबापांनी आपल्या लहानपणीचे नाटक आपल्या मुलांना दाखविण्यासाठी नाट्यगृहे भरली. स्मरणरंजनाचे हे विधायक रूप म्हटले पाहिजे, कारण त्यात आठवण केवळ सांगितली गेली नाही, ती पुढच्या पिढीच्या हाती दिली गेली. परंतु सुट्टीतील बालनाट्य हा प्रायः मोठ्या शहरांतील मुलांचा अनुभव राहिला, हेही नमूद करणे प्राप्त आहे.

ती दरी चित्रपटाने काही अंशी बुजविली. १९९३ सालच्या महेश कोठारे ह्यांच्या ‘झपाटलेला’मधील तात्या विंचू हा बाहुला, रामदास पाध्ये ह्यांच्या बोलक्या बाहुल्यांच्या कलेतून आलेला, घरोघरच्या दूरचित्रवाणी संचावरून खेड्यापाड्यांत पोहोचला. त्याची कल्पना परदेशी भयपटावरून सुचलेली असली, तरी त्याच्या तोंडची बोली आणि त्याचा मिस्किल दुष्टपणा अस्सल इकडचा होता. एका पिढीच्या शहरी आणि ग्रामीण मुलांना समान असलेली ही बहुधा पहिली भीती होय. समान आठवणींची जागा तंत्रज्ञानाने निर्माण केली आणि वाङ्मय मागे पडले, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकाने विसरू नये.

४

आता मुख्य मुद्द्याकडे वळता येईल. वसुबारसेपासून पाडव्यापर्यंतच्या संध्याकाळी मराठवाड्यातील गुराख्यांची मुले लव्हाळ्याची, नागाच्या फण्याच्या आकाराची दिवटी विणून तीत दिवा ठेवीत, आणि घरोघर जाऊन गोठ्यातील गाई-म्हशींना ओवाळीत. घरधनीण दिव्यात तेल घाली. कोणी धान्य देई, कोणी फराळ, कोणी पैसे. त्यांच्या गाण्याचा आशयही लक्षणीय आहे. त्यात घरच्या माईकडे खोबऱ्याची मागणी असते, आणि त्याबरोबरच वाघाला हुसकावून लावण्याचे आश्वासन असते.

हॅलोवीनच्या प्रथेशी ह्याचे साम्य उघड आहे. अंधार, हातातला दिवा, दारोदार हिंडणारी मुले आणि मिळणारा खाऊ हे सारे येथेही आहे. परंतु दोन भेद अधिक महत्त्वाचे होत. पहिला भेद बोलण्याचा. अमेरिकेतील मुलाच्या मागणीत खाऊ न दिल्यास खोडी काढण्याची लटकी धमकी असते. गुराख्याच्या मुलाच्या मागणीत रक्षणाचे वचन असते, आणि ते लटके नसते. वर्षभर गुरांमागे रानात हिंडणारे मूल वाघाचे नाव घेते तेव्हा ते आपल्या कामाचा हिशेबच मांडीत असते. त्याचे मागणे ही भीक नाही, केलेल्या श्रमाचा सणातला वाटा आहे.

दुसरा भेद स्मृतीचा. हॅलोवीनच्या आठवणी जो लिहितो, तो स्वतः दारोदार हिंडलेला असतो. दार वाजविणारे मूल हेच त्या आठवणींचे नायक असते. मराठी दिवाळीच्या आठवणी जो लिहितो, तो बहुधा दाराच्या आत उभा राहिलेला असतो. गुराख्याचा मुलगा त्याच्या लेखनात येतो. पण तो एक रम्य क्षणचित्र म्हणून येतो, दिवटीचा उजेड अंगणात टाकतो आणि निघून जातो. तो कोठून आला, पुढे किती दारांवर गेला, त्याच्या स्वतःच्या घरी त्या रात्री काय शिजले, हे लेखकाला ठाऊक नसते. ज्याने दिवा आणला त्याची आठवण लिहिली गेली नाही. ज्याने त्यात तेल घातले त्याची लिहिली गेली.

ही बाजू पालटली ती दलित आत्मकथनांनी. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), प्र. ई. सोनकांबळे ह्यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) आणि लक्ष्मण माने ह्यांचे ‘उपरा’ (१९८०) ह्यांची शीर्षकेच ह्या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. बलुते म्हणजे गावकीच्या कामाबद्दल दारातून मिळणारा वाटा. हे नावच दाराबाहेर उभे राहून दिलेले आहे. उपरा म्हणजे ज्याला आतली जागाच नाही तो. ‘आठवणींचे पक्षी’ हे नाव वरवर पाहता स्मरणरंजनाचे वाटते, पण मराठवाड्यातील पोरक्या, उपाशी बालपणाची ती कहाणी वाचताना त्या कोमल नावाचा अर्थ हळूहळू फिरतो. ह्या लेखकांच्या हाती आठवण ही रंजनाची वस्तू राहिली नाही, ती साक्ष झाली.

तथापि ह्यावरून एक चुकीचा निष्कर्ष काढला जाण्याचा संभव आहे. आतल्यांची आठवण गोड आणि बाहेरच्यांची कडू, अशी सोपी विभागणी करणे योग्य नव्हे. अभावाच्या बालपणातही आनंद असतो, आणि तो नाकारणे हा त्या बालपणावर दुसरा अन्याय होय. दिवटी विणताना गुराख्याच्या मुलाला जो अभिमान वाटत असेल, तो किल्ला बांधणाऱ्या मुलाच्या अभिमानाहून उणा मानण्याचे कारण नाही. प्रश्न गोडीचा नाही. ती गोडी कोणाच्या नावावर जमा झाली, हा आहे.

५

बीड जिल्ह्यात ह्या प्रश्नाला आज एक निकडीचे रूप आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर वाढले. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर, केज ह्या तालुक्यांतून दरवर्षी मोठ्या संख्येने कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. कारखान्यांचा गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, म्हणून दसरा उलटला की टोळ्या हलू लागतात. काही लक्ष्मीपूजनाआधी निघतात, काही भाऊबीज होताच. पाचट आणि चटया ह्यांची कोपी हे पुढल्या पाच-सहा महिन्यांचे घर. ज्या मुलांची मागे सोय होत नाही ती बरोबर जातात. ज्यांची होते ती आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत परत येताना घर मात्र रिकामे पाहतात. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळांचे प्रयोग झाले, २०१९ मध्ये ऊसतोड कामगारांसाठी महामंडळही स्थापन झाले. तरी स्थलांतराचे हे चक्र थांबलेले नाही.

ह्या मुलांच्या दिवाळीचे स्वरूप काय? इतरांच्या दिवाळीत माणसे गावी परततात. ह्यांच्या दिवाळीत गाव रिते होते. ट्रॅक्टरच्या मागे भांडीकुंडी, पेटी, शेळी आणि लहानगे भाऊ-बहीण असतात. फडात पहाटेच्या काळोखात तोड सुरू होते, तेव्हा पहाटेचा जो गारवा साच्यातल्या लेखकाला उटण्याची आठवण देतो, तोच ह्या मुलाला मोळ्यांची आणि वाढ्यांची आठवण देतो. उसाच्या रानातील भुते, चकवा आणि आसरा ह्यांच्या गोष्टी कोपीत शेकोटीपाशी सांगितल्या जातात. प्रकाश आणि भय ह्यांची जी वाटणी शहरी वाङ्मयाने केली, ती येथे झालेलीच नाही. येथे शेकोटी आणि तिच्या पलीकडचा अंधार ही दोन्ही एकाच आठवणीत राहतील.

होफरने ज्या दुखण्याला नाव दिले, त्याचा खरा धनी हा मुलगा होय. तो घरापासून दूर आहे, आणि सणाच्या दिवशी ते अंतर त्याला अधिक जाणवते. मराठीत बालपणाचे जे श्रेष्ठ लेखन झाले, त्यातील काहींच्या मुळाशी हेच अंतर आहे. प्रकाश नारायण संतांचा लंपन (‘वनवास’, १९९४) आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढतो. त्याच्या जगातील प्रत्येक वास, प्रत्येक आवाज तीक्ष्ण होतो तो त्या दुराव्यामुळे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त (१९३५) शाळेसाठी घराबाहेर राहिलेला श्याम पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून गणेशचतुर्थीला घरी नेतो. तो प्रसंग आजही वाचकाला हलवितो, कारण त्यात सण हा देखावा नसून घराकडे जाण्याची वाट आहे. म्हणजे स्मरणरंजनाच्या साच्यातील सामग्रीमुळे नव्हे, तर तिच्यापासूनच्या वियोगामुळे ह्या लेखनाला खोली आली. ह्या न्यायाने पाहिले असता, आजीपाशी मागे राहिलेले बीड जिल्ह्यातील मूल हे लंपनचे अगदी जवळचे भावंड ठरते. दोघांतील फरक एवढाच की, लंपनच्या घरी पुस्तके होती.

६

वरील विवेचनावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. सणांच्या बालस्मृतींचा मराठी साचा हा एका विशिष्ट वर्गाच्या, घरात थांबू शकणाऱ्या मुलांच्या अनुभवावर बेतलेला आहे; तो खोटा नाही, परंतु अपुरा आहे. दिवाळीतील भयाचे आणि मृतस्मरणाचे अंग त्या साच्याने बाजूस टाकले, आणि त्यामुळे बालपण आहे त्याहून अधिक सपाट दिसू लागले. हॅलोवीनच्या आगमनाने मराठी मुलांच्या सणांत भुते शिरली अशी जी तक्रार ऐकू येते, ती ह्या विस्मृतीचाच परिणाम होय. भुते आधीपासूनच होती. आठवण लिहिणाऱ्यांनी त्यांना बाहेर ठेवले होते. आणि त्यांच्याबरोबर, नकळत, दिवटी घेऊन आलेल्या मुलालाही.

ह्यावर उपाय म्हणून कोणी आपल्या गोड आठवणी लिहू नयेत असे सुचविणे हास्यास्पद होईल. ज्याच्या वाट्याला किल्ला आला त्याने किल्ल्याविषयीच लिहावे. अपेक्षा एवढीच की, त्या अंगणात संध्याकाळी कोण येऊन गेले ह्याचाही त्याने शोध घ्यावा. समीक्षेचे काम ह्याहून थोडे अधिक आहे. साखरशाळांतील वह्या, हंगामी वसतिगृहांतील मुलांनी लिहिलेले निबंध, कोपीत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी ह्यांचे संकलन व्हावे, आणि ते लोकसाहित्याचा नमुना म्हणून नव्हे तर बालवाङ्मय म्हणून वाचले जावे. मराठवाड्यातील विद्यापीठीय अभ्यासाला हे क्षेत्र अगदी हाताशी आहे. लव्हाळ्याची दिवटी विणता येणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत, तेव्हा ह्या कामाला फार अवधीही उरलेला नाही.

वेताळाच्या कथेतील अट अभ्यासकांनाही लागू आहे. उत्तर ठाऊक नसेल तर मौन क्षम्य असते. दाराबाहेर कोण उभे होते हे मराठी वाङ्मयाला आता ठाऊक झाले आहे.